रविवारी बस नाही

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फक्त उजेड आहे, आणि तोही आजारी. छताची एक नळी धडपडत पेटते, विझते, पुन्हा पेटते. ग्लासगोच्या टेकडीवरच्या विद्यापीठाचं हे तळघर. रस्त्याच्या पातळीला एक आडवी खिडकी, तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात, आणि मार्च महिना असल्यामुळे सगळेच बूट ओले. खाली संगणकांच्या रांगा, खुर्च्यांच्या पाठीवर टाकलेले कोट, रेडिएटरवर वाळत घातलेला कुणाचा तरी एक मोजा. डाव्या विंगेतून एक बाई प्रवेश करते. हातात चहाचा मग. चेहऱ्यावर असा भाव, की हा प्रयोग तिने इतका केलाय की समोरचे प्रेक्षक कधी बदलले तेही तिच्या लक्षात आलेलं नाही.

ही मोराग किंकेड. साठी ओलांडलेली, उंच, खांद्यात जराशी वाकलेली. पूर्वी गोवनच्या शाळेत गणित शिकवायची. मग एका सत्रापुरती इथे आली, पहिल्या वर्षाच्या पोरांना हॅस्केल नावाची संगणकाची भाषा शिकताना मदत करायला. ते सत्र संपलंच नाही. ज्या कंपायलरला, म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, ही पोरं उठता-बसता शिव्या देतात, तो याच शहरात, वरच्याच मजल्यांवर कुठेतरी तयार झाला होता. त्या काळातले लोक केव्हाच पांगले, मोराग मात्र तळघरात राहिली.

"मोराग, माझा कंपायलर बिघडलाय," पहिल्या रांगेतून शोना नावाची मुलगी ओरडली.

"कंपायलर बिघडत नसतो बाळा, त्याला तेवढी फुरसत नसते. वाच, काय म्हणतोय."

"काय वाचू? नुसतं लाल आहे!"

"लाल आहे ते मलाही दिसतंय, चष्मा कशाला लावलाय मी? मोठ्यानं वाच. पहिल्या ओळीपासून."

शोनाने डोळे फिरवले आणि शाळेतल्या प्रार्थनेच्या सुरात वाचलं, "बाराव्या ओळीत वाक्य कळलं नाही. बहुधा समास चुकलाय किंवा कंस जुळत नाहीत. पण समास सरळ आहे, बघा ना! एका रेषेत आहे!"

"तुझ्या डोळ्यांना. अर्धी जागा तू टॅब दाबून सोडलीस, अर्धी स्पेस दाबून. त्याच्या लेखी एक नट रंगमंचावर उभा आहे आणि दुसरा विंगेत."

"मग मला हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं. सप्टेंबरात. तू फोनकडे बघत होतीस."

एवढं बोलून मोराग खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसली. ही तिच्या खोलीची रीत. दुसऱ्याच्या कळफलकाला हात लावायचा नाही, मदतीला आलेल्या कुणीही नाही. आणि हात शिवशिवतात म्हणून त्यांच्यावर बसायचं. नव्या मदतनिसांना पहिल्या दिवशी हसू येई. आठवड्याभरात तेही हातांवर बसलेले दिसत.

ही रीत तिने आईकडून उचलली होती. आई चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या नाटकाला प्रॉम्प्टर असायची आणि लहानगी मोराग तिच्या पायाशी, पडद्याच्या आड. आईचा नियम होता, नट अडला तर त्याला पहिला शब्द द्यायचा, अख्खं वाक्य कधीच नाही. अख्खं वाक्य दिलं की नट मेला. मग तो दर वाक्याला विंगेकडे बघतो. मोरागने आयुष्यभर पहिलेच शब्द दिले. 'मोठ्यानं वाच.' 'कुठली ओळ?' 'त्याला काय हवं होतं, तू काय दिलंस?' बाकीचं वाक्य पोरांनी पुरं करायचं.

पण आता ती थकली होती. गुडघे नव्हे, कान थकले होते. तोच टॅब, तोच कंस, तोच 'काल चालत होता'. उणे एकाला कंस घाला म्हणून सांगायचं, 'जर' लिहिलंत तर 'नाहीतर'ही लिहा म्हणून सांगायचं, आणि दर सप्टेंबरात नवे चेहरे तेच जुने प्रश्न अगदी नव्या आवाजात घेऊन हजर. नाताळनंतर तिने वर जाऊन सांगून टाकलं होतं, ईस्टरच्या सुट्टीनंतर मी येणार नाही. कुणी फारसा आग्रह केला नाही. तिलाही तो नको होता.

त्या सकाळी अकराच्या सुमाराला दार ढकलून ड्यूगल मक्फी आत आला. हातात कागदात गुंडाळलेले दोन गरम रोल, आत सॉसेज, कागदाला तेल फुटलेलं. ड्यूगल बावन्न वर्षांचा. मेरीहिलच्या डेपोतून शहरभर बस चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. मग पाठीने दगा दिला, डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं, आणि हा गडी अठरा वर्षांच्या पोरांत येऊन पहिल्या बाकावर बसला. आजचा दिवस त्याचा होता. दुपारी तीनला त्याची तोंडी परीक्षा. गेल्या वर्षी तो याच परीक्षेत नापास झाला होता. ही दुसरी संधी आणि तिसरी नसते. आज पडला तर अभ्यासक्रमातली जागाच जाणार होती.

"घ्या, मोराग. खा. तुमचा चेहरा शेवटच्या बससारखा दिसतोय."

"म्हणजे कसा?"

"रिकामा, आणि आत दिवे चालू."

"बस खाली, बाळा."

"बावन्न वर्षांच्या माणसाला बाळा म्हणता! डेपोत कळलं तर माझी टोपीसुद्धा मला हसेल. खुंटीवर ठेवलीय अजून त्यांनी. म्हणतात, काढत नाही, ड्यूगल, आज ना उद्या येशीलच परत, बस धुवायला तरी."

तो हसला, पण रोल त्याने उघडला नाही. मोरागला कळलं. नट भुकेला असूनही खात नाही तेव्हा प्रवेश जवळ आलेला असतो.

ड्यूगलचा प्रोग्रॅम बसचाच होता. एका मार्गाच्या आठवडाभराच्या फेऱ्या, दर फेरीला झालेला उशीर मिनिटांत, आणि त्यावरून प्रत्येक दिवसाचा सरासरी उशीर काढून थांब्यावरच्या पाटीवर दाखवायचा; शिवाय सगळ्यात वाईट दिवस कुठला तेही शोधायचं. परीक्षा चार तासांवर, आणि संगणकाचा पडदा लालभडक.

"वाच."

ड्यूगलने घसा खाकरला. त्याचा आवाज मोठा, मागच्या बाकापर्यंत थांब्याचं नाव पोचवायची सवय असलेला. "अपूर्णांक हवा होता, पूर्णांक मिळाला! ओळ एकवीस!" खोलीतली पोरं दचकली.

"एकविसाव्या ओळीत काय आहे?"

"सरासरी. सगळा उशीर एकत्र केला आणि यादीच्या लांबीनं भागलं. शाळेत असंच शिकवलंय हो."

"शाळेत बरोबर शिकवलंय. लांबी काय असते?"

"लांबी म्हणजे... फेऱ्या किती ते. नऊ, दहा. साडेनऊ फेऱ्या नसतात." तो थांबला. "म्हणजे पूर्णांक. आणि भागाकाराला दोन्हीकडे अपूर्णांक लागतो. मग लांबीला अपूर्णांकाचा कोट चढवायचा. ते लांबलचक नाव होतं काहीतरी..."

मोराग हातांवर बसलेली. नाव तिच्या ओठांवर होतं. ती गप्प राहिली. ड्यूगलने त्याच्या टिपणांत शोधलं, सापडलं, दोन बोटांनी टंकलं. एकविसावी ओळ शांत झाली. मग आणखी एका जागी अक्षरांची यादी आणि आकडा जोडला होता म्हणून कंपायलर अडला, तेही त्याने बसमधल्या घोषणेच्या आवाजात वाचलं आणि निस्तरलं. शेवटी लाल गेलं. सोमवारचा उशीर आला, मंगळवारचा आला.

"चालला!" ड्यूगल ओरडला. "मोराग, चालला!"

"दिसतंय. जा आता, रोल खा."

आणि इथे तिची चूक झाली.

हॅस्केलचा स्वभाव आळशी. कुणी मागितल्याशिवाय ती कुठलंच उत्तर काढत नाही. म्हणून शिकणारी पोरं एक युक्ती करतात, आणि ती मोरागनेच त्यांना शिकवलेली: जो भाग अजून सुचत नाही तिथे 'अनडिफाइन्ड' हा शब्द लिहून पुढे जायचं. कंपायलर तो मुकाट्याने मान्य करतो. प्रोग्रॅम मजेत चालतो, आणि ज्या क्षणी कुणी नेमकं तेच मागतं त्या क्षणी जमिनीवर आडवा होतो. म्हणून रोजच्या तासाच्या शेवटी मोराग उठून उभी राहायची आणि खड्या आवाजात विचारायची, "अनडिफाइन्ड कुणाकडे उरलंय? हात वर!" मग पोरं शोधायची, हसत-लाजत हात वर व्हायचे. ही तिच्या प्रयोगाची भैरवीच होती म्हणा.

त्या दिवशी तिने विचारलं नाही. शोना पुन्हा हाका मारत होती, चहा गार झाला होता, आणि एक प्रश्न कमी विचारावा लागला याचं मनाला नुसतं बरं वाटलं.

तीन वाजता, तळघरातलीच परीक्षेची लहान खोली. टेबलाच्या एका बाजूला ड्यूगल आणि त्याचा संगणक, दुसऱ्या बाजूला डॉक्टर रुअरी बेन, तिशीतला, सज्जन, दिवसभर परीक्षा घेऊन डोळे लाल झालेला. शेजारी दुसरी परीक्षक मोराग. परीक्षेत तिने एक शब्दही सुचवायचा नव्हता. सवयीने तिने हात मांड्यांखाली घातले.

"सोमवार दाखवा, मिस्टर मक्फी."

सोमवार आला. मंगळवारही. सर्वांत वाईट दिवस आला, शुक्रवार.

"शुक्रवारच असणार," ड्यूगल म्हणाला. "शुक्रवारी अख्खं शहर प्यायला निघतं आणि प्रत्येकाला दोन पौंडांच्या नोटेसारखा थांबा हवा असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे अस्तित्वात नसलेला."

बेन हसला. मोरागही हसणार होती, तेवढ्यात पडद्यावर ओळी सरकल्या आणि तिला दिसलं. सरासरीच्या कलमात, पहिल्याच ओळीत: यादी रिकामी असेल तर अनडिफाइन्ड.

यादी रिकामी म्हणजे त्या दिवशी एकही फेरी नाही. नशीब असेल तर बेन हे विचारणारही नाही. तो थकलाय. त्याला चहा हवाय. विचारू नकोस, पोरा, विचारू नकोस...

"छान," बेन म्हणाला आणि कागद गोळा करायला लागला. मग त्याचा हात थांबला. "आणि रविवार?"

ड्यूगलने रविवार मागितला. पडद्यावर लाल उमटलं.

बाहेर रस्त्यावरून बस गेली, खिडकी थरथरली. ड्यूगलचे कान तांबडे झाले. मोरागला त्याच्या डोक्यावर ती खुंटीवरची टोपी स्पष्ट दिसली. सकाळी एक प्रश्न विचारला असता, एकच, तर हा माणूस आत्ता इथे असा बसला नसता. तिने दात आवळले. हात मांड्यांखाली आणखी दाबले.

आणि मग ड्यूगलने घसा खाकरला.

"अनडिफाइन्ड!" तो मोठ्याने, पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. बेन खुर्चीत दचकला. "मागणी आली ओळ एकोणीसवरून! सरासरी! रिकामी यादी!" तो थांबला. "होय. तो मीच ठेवलाय. मला तेव्हा उत्तर सापडेना."

"अजून दहा मिनिटं आहेत तुमच्याकडे," बेन हलकेच म्हणाला. "तिथे शून्य लिहा. मला चालेल. पुष्कळजण तेच लिहितात."

लिही, मोराग मनात म्हणाली. शून्य लिही आणि सुटू दे मला.

"शून्य नाही लिहिता येणार, डॉक्टर."

"का बरं?"

"रविवारी ती बस नाहीच. पाटीवर 'सरासरी उशीर शून्य मिनिटं' असं आलं, की एखादी बाई म्हणणार, वा, बस अगदी वेळेवर आहे, आणि राहणार उभी पावसात. पार्टिकच्या थांब्यावर होती एक अशी. जुनी पाटी बघून उभी राहायची. शिव्या मी खाल्ल्यात तिच्या."

"पण रविवारी तर तुमची बस नव्हती ना?"

"सोमवारी द्यायची ती. व्याजासकट."

बेनने तोंडावर हात धरला. "मग काय करणार आहात? दहाची नऊ झाली."

"'मेबी' करतो."

मोरागने डोळे मिटून घेतले. मेबी! उत्तर असेल किंवा नसेल, असं कबूल करणारा प्रकार. असलं तर डब्यात घालून द्यायचं, नसलं तर 'नथिंग' म्हणायचं, म्हणजे काही नाही. नोव्हेंबरात तिने शिकवला होता, घसा बसलेला असताना, अर्ध्या झोपलेल्या वर्गाला. तेव्हा पहिल्या बाकावर कोण जागं होतं, हे तिने पाहिलंच नव्हतं. पण सरासरीच्या उत्तराचा प्रकार बदलला, आकड्याऐवजी डबा आला, की ती जिथे जिथे वापरलीय तिथे सगळीकडे कंपायलर उठून उभा राहणार. नवशिके इथेच बुडतात. एक वीट काढली म्हणून अख्खी भिंत अंगावर आली असं त्यांना वाटतं आणि ते सगळं पुसून टाकतात.

ड्यूगलने रिकाम्या यादीपुढे नथिंग लिहिलं. खरी सरासरी डब्यात घातली. वर उत्तराचा प्रकार बदलला. आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला.

"आं," तो म्हणाला.

त्याने मोरागकडे पाहिलं. अगदी क्षणभर, जसा अडलेला नट विंगेकडे बघतो तसं. मोरागने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने खिडकीकडे पाहिलं, बूट जात होते.

ड्यूगल पुन्हा पडद्याकडे वळला. "पहिला थांबा!" तो वाचायला लागला. "ओळ तेहतीस! आकडा हवा होता, मिळाला डबा! पाटी छापायची ओळ. म्हणजे इथे डबा उघडून बघायचा. आत काही असलं तर मिनिटं छापायची. नसलं तर... 'आज बस नाही'." तो दोन बोटांनी ठोकत होता, सावकाश, त्याच्या बसला घाई कधीच माहीत नव्हती. "पुढचा थांबा! ओळ चाळीस! वाईट दिवस शोधायचा तिथे. ज्या दिवशी बसच नाही, तो स्पर्धेत कसा? त्याला उतरवा."

बेन पुढे वाकला होता. टेबलावरच्या घड्याळाकडे त्याने एकदा पाहिलं, मग घड्याळ पालथं केलं की काय असं वाटावं अशा बेताने कोपर त्यावर टेकलं. मधेच ड्यूगल एका कंसात अडकला, खूप वेळ. मोरागला तो कंस दिसत होता. उजवीकडे, शेवटी, एकच. तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"कंस जुळत नाही म्हणतोय," ड्यूगल पुटपुटला. मग मोठ्याने, "कंस जुळत नाही म्हणतोय! कुठे रे बाबा... हां. इथे दार उघडंच राहिलं."

त्याने दार लावलं. लाल गेलं.

"रविवार मागा," बेन म्हणाला.

ड्यूगलने मागितला. पडद्यावर अक्षरं उमटली: आज बस नाही.

ड्यूगलने खिशातून सकाळचा रोल काढला, गार, चपटा झालेला, आणि न विचारता परीक्षेच्या टेबलावरच खायला सुरुवात केली.

"मिस्टर मक्फी," बेन लिहिता लिहिता म्हणाला, "तुमचं नाव पुढच्या वर्षाच्या यादीत असेल. फार वर नसेल. मोराग, सही?"

"करते. तू जा, चहा घे. मी मागून आणते."

बेन गेला. दार आपोआप लागलं. ड्यूगलने तोंड पुसलं.

"तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत."

"बघितलं असतं तर बोलले असते. सकाळी मी विचारायला हवं होतं. रोज विचारते. आज कंटाळा केला."

"हात वर करायला लावता ते?"

"तेच."

"मी केला नसता," ड्यूगल म्हणाला. "मला वाटायचं, ते सोडवून तुम्हाला दाखवू, आणि मग राहूनच गेलं." तो उठला, कोट घातला. "ईस्टरनंतर तुम्ही नाही म्हणे. शोना सांगत होती."

"नाही."

"मग आमचं कोण ऐकणार?"

"तुमचं तुम्ही ऐका. एवढ्याचसाठी मोठ्यानं वाचायला लावते मी. बहिऱ्यालाही ऐकू जाईल इतकं ओरडतोस तू."

ड्यूगल हसला. त्याने परीक्षेचा कागद तिच्यासमोर सरकवला, वर पेन ठेवलं, आणि सहीची वाट बघत उभा राहिला. मोराग हलली नाही. पेनकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, आणि तिच्या थकलेल्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं.

"उठव मला आधी, बाळा," ती म्हणाली. "दोन्ही हात बधिर झालेत."